भिंत कोणी रिकामी केली?

व्हर्मीर स्वभावाने कसा असेल, असं चित्रांची आवड असलेल्या कुणालाही विचारा; उत्तर ठरलेलं असतं. अबोल. हळवा. चारचौघांत कोपरा धरून बसणारा. माणसांचे सोळा प्रकार पाडणारी जी प्रश्नावली आता नोकरीच्या मुलाखतीपासून मित्रांच्या कट्ट्यापर्यंत पोचली आहे, तिच्या हिशेबाने तो पक्का अंतर्मुख. आपल्या हिशेबाने बोलायचं तर कन्या रास. टेबलावरच्या पावाचा प्रत्येक कण मोजून रंगवणारा माणूस आणखी कोणत्या राशीचा असणार!

या प्रश्नावलीचं मूळ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. तिच्या चौकटी आखल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. दोघींपैकी एकही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती, हा तिच्या टीकाकारांचा आवडता मुद्दा. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. ही प्रश्नावली ज्याची त्याने भरायची असते. मेलेल्या चित्रकाराच्या वतीने ती त्याची चित्रं भरतात, आणि चित्रांच्या वतीने आपण.

व्हॅन गॉगच्या बाबतीत या खेळात मजा नाही. त्याची आठशेहून जास्त पत्रं उपलब्ध आहेत. तो केव्हा चिडला, कोणाशी भांडला, कोणत्या रंगासाठी भावाकडे पैसे मागितले, सगळं त्याच्याच अक्षरात. व्हर्मीरने मागे काय ठेवलं? पस्तीस-सदतीस चित्रं, आणि सरकारी कागदांवरच्या सह्या. पत्र नाही, रोजनिशी नाही. त्याचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एक रेखाटनही नाही. ज्याने सहा चित्रांत पत्रं वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या नाहीतर पत्राची वाट पाहणाऱ्या बायका रंगवल्या, त्याचं स्वतःचं पत्र एकही सापडू नये!

डेल्फ्टमध्ये ३१ ऑक्टोबर १६३२ ला त्याचा बाप्तिस्मा झाला. चारच दिवसांनी त्याच गावात आणखी एका बाळाचा झाला: आंतोनी व्हान लेव्हेनहुक, पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव पाहून अख्ख्या युरोपला थक्क करणारा. लेव्हेनहुकने लंडनच्या रॉयल सोसायटीला दीड-दोनशे पत्रं धाडली. दोघंही एका गावचे, एका आठवड्याचे, दोघांनाही भिंगाचं आणि उजेडाचं वेड; एकाने आयुष्यभर लिहिलं आणि दुसऱ्याने एक ओळ ठेवली नाही. राशीवाल्यांनी याचा विचार करावा.

एकोणिसाव्या शतकात थोरे-ब्युर्गर या फ्रेंच समीक्षकाने व्हर्मीरला विस्मृतीतून बाहेर काढलं आणि १८६६ साली त्याच्यावर सविस्तर लेख लिहिला. ‘डेल्फ्टचा स्फिंक्स’ हे त्यानेच दिलेलं नाव. स्फिंक्स म्हटलं की कोडं आलं, आणि कोडं आलं की ते सोडवायला माणसं सरसावतात. व्हर्मीरचा स्वभाव ओळखायचा हा छंद तेव्हापासूनचा. सगळ्यांत जास्त वेळा तो ज्या चित्रावरून ओळखला गेला, ते ड्रेस्डेनमध्ये आहे.

उघड्या खिडकीपाशी उभी राहून एक मुलगी पत्र वाचते आहे. चित्र तसं लहानच, उंची ८३ सेंटिमीटर. खिडकी डावीकडे, आतल्या बाजूला उघडलेली. तिच्या काचांत मुलीचा चेहरा धूसर उमटलाय. म्हणजे चेहरे दोन: एक आपल्याला बाजूने दिसणारा, दुसरा काचेच्या चौकोनांनी तुकडे पाडलेला. तिचं लक्ष दोन्हींकडे नाही. पत्राचा कागद तिने दोन्ही हातांत इतका घट्ट धरलाय की तो ताठ उभा आहे. पुढे टेबल, त्यावर चुरगळून टाकलेला गालिचा, त्यात कलंडलेली फळांची थाळी. सफरचंदं, पीच, आणि एक पीच कापलेलं, आतली बी दिसते आहे. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवा पडदा, पितळी दांडीवर कड्यांनी अडकवलेला. हा पडदा खोलीतला नाही. त्या काळी डच घरांत चित्रांवर धूळ बसू नये म्हणून खरेच पडदे लावत. व्हर्मीरने तसा एक खोटा पडदा चित्रातच रंगवलाय. कोणीतरी तो आत्ताच बाजूला सारलाय आणि आपण परक्याच्या घरात डोकावतो आहोत, ही जाणीव त्याने मुद्दाम आपल्या माथी मारली आहे.

मुलीच्या मागे मोठी भिंत. कोरी, फिकट, उजेडाने भरलेली. चित्राचा जवळपास एक चतुर्थांश भाग या भिंतीने व्यापलेला.

अडीचशे वर्षं लोकांनी हीच भिंत पाहिली. हे चित्र १७४२ साली सॅक्सनीच्या राज्यकर्त्यासाठी पॅरिसहून विकत घेतलं गेलं, तेव्हा ते रेम्ब्रांटचं समजलं जात होतं. पुढे दुसऱ्या एक-दोघांच्या नावावर गेलं, अखेर १८६०च्या सुमारास व्हर्मीरच्या नावावर आलं. आणि एकदा त्याचं ठरल्यावर ती भिंत म्हणजे व्हर्मीर, असं समीकरण बसत गेलं. गप्प राहणारी जागा. सांगण्यासारखं असूनही न सांगणारा माणूस. समीक्षकांनी तिच्यावर सुंदर लिहिलं, आणि माझ्या मते ते लिहिणं खोटं नव्हतं. भिंत होतीच तशी.

१९७९ मध्ये चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, आणि त्या कोऱ्या भिंतीत एक धष्टपुष्ट पोरगा सापडला. उघडावाघडा, पंख असलेला: मदनाचं भलंमोठं चित्र, काळ्या चौकटीत टांगलेलं. भिंत कोरी नव्हती. तिच्यावर प्रेमाचा देव होता, आणि कोणीतरी त्याच्यावर रंग फिरवला होता. कोणी? उत्तर इतकं उघड वाटलं की प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही. व्हर्मीरनेच, दुसरं कोण! उलट त्यामुळे स्वभावचित्र आणखी पक्कं झालं. तरुणपणी त्याला मदन टांगून ‘हे प्रेमपत्र आहे बरं का’ असं ओरडून सांगावंसं वाटलं. मग त्याला स्वतःचाच स्वभाव सापडला, आणि त्याने तो आवाज पुसून टाकला. किती छान बसतं! वयात आलेला संयम, रंगाच्या दोन थरांत वाचता येणारा.

मग २०१७ मध्ये चित्र साफ करायला घेतलं. प्रयोगशाळेत रंगाचे थर तपासले, तेव्हा मदन आणि त्याच्यावरचा भिंतीचा रंग यांच्या मध्ये जुनं वॉर्निश आणि धूळ सापडली. धूळ साठायला वर्षं लागतात. मदन रंगवून झाला, वाळला, त्याच्यावर वॉर्निश चढलं, ते मळलं, काही दशकं उलटली, आणि त्यानंतर कोणीतरी ही भिंत रंगवली. व्हर्मीर तोवर कधीच मेला होता. संग्रहालयाच्या जाणकारांनी मग तो वरचा थर काढायचं ठरवलं. क्रिस्टोफ श्योल्त्सेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या धारदार पात्याने, कणाकणाने तो खरवडला. सप्टेंबर २०२१ मध्ये चित्र लोकांसमोर आलं: मदन धनुष्य घेऊन उभा, पायांखाली मुखवटे तुडवलेले. मुखवटे म्हणजे फसवणूक. पत्रातलं प्रेम खरं आहे, किंवा निदान खरं असावं, एवढं तो आपल्याला सांगतो आणि मुलीला सांगत नाही. ती त्याच्याकडे पाठ करून उभी आहे.

खरं सांगायचं तर जुनी भिंत जास्त देखणी होती. आता मुलगी जरा लहान वाटते, खोली भरल्यासारखी वाटते, मदन तर आगंतुकासारखा मध्येच उभा. पण हे माझ्या आवडीचं झालं. चित्र व्हर्मीरचं आहे. आणि तो मदन त्याच्या घरातलाच होता. त्याच्या मृत्यूनंतर १६७६ च्या फेब्रुवारीत घरातल्या सामानाची यादी झाली, तिच्यात एका मदनाच्या चित्राची नोंद आहे. लंडनच्या संग्रहातल्या उभ्या वादकस्त्रीच्या मागच्या भिंतीवर तो ठळक दिसतो, न्यू यॉर्कमधल्या दोन चित्रांत अर्धामुर्धा. आपल्या अबोल चित्रकाराला हा उघडावाघडा पोरगा पुन्हा पुन्हा हवा होता.

ज्या रिकाम्या जागेवरून आपण त्याला मितभाषी ठरवलं, ती भलत्यानेच रिकामी केली होती. त्या भिंतीचा स्वभाव ओळखण्यात आपण चुकलो नव्हतो. पत्ता चुकला होता.

इथे थांबून ‘स्वभाव ओळखणं म्हणजे निव्वळ भ्रम’ असा निकाल देता आला असता. पण गोष्ट तेवढी सोपी नाही, कारण दुसरीकडे व्हर्मीरने भिंती खरोखर रिकाम्या केल्या आहेत. आणि त्याच्याच हाताने.

दूध ओतणारी ती मोलकरीण घ्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, १६६० च्या आसपासचं, हातभर उंचीचं चित्र. खरं तर त्यात काय घडतं? एक धिप्पाड बाई मातीच्या भांड्यात दूध ओतते. पण तिच्या दंडांकडे पाहा. बाह्या वर सारलेल्या, कोपरापुढचा हात उन्हापाण्याने रापलेला आणि त्याच्या वरचा भाग गोरा. कामाच्या बाईचा हात असाच असतो. रंगकामात एवढ्या बारकाव्याने श्रम मोजणारा चित्रकार मला तरी फारसा माहीत नाही. अंगात पिवळी जाड चोळी, कमरेला निळा एप्रन, निळा इतका भरगच्च की बाकी सगळी खोली त्याच्या ओझ्याने खाली बसल्यासारखी वाटते. पावाच्या कवचावर पांढरट ठिपक्यांचा शिडकावा. जवळ गेलं तर नुसते ठिपके, दोन पावलं मागे आलं की कुरकुरीत पाव. खिडकीची एक काच फुटलेली आहे. चित्रातली सगळी हालचाल त्या दुधाच्या धारेत आहे. धार बारीक आहे, बाईने भांडं जपून कलतं केलंय, तिचे डोळे धारेवर खिळलेत. घाई केली तर दूध सांडेल एवढंच तिच्या चेहऱ्यावर आहे. भक्तिभाव वगैरे काही नाही.

तिच्या मागची भिंत मात्र नुसती कोरी नाही. ती पांढरी, उखडलेली, खिळ्यांच्या भोकांची भिंत आहे. एक खिळा अजून आहे आणि त्याची सावली पडली आहे. चित्रातल्या सर्वांत लहान वस्तूला व्हर्मीरने सावली दिली.

२०२२ मध्ये राइक्सम्युझियमने या चित्राचे आतले थर नव्या यंत्रांनी वाचले. बाईच्या डोक्यामागे भिंतीवर आधी एक फळी होती, तिला मातीचे जग टांगलेले. खाली उजवीकडे, जिथे आज छोटी पायशेगडी आहे, तिथे वेताची शेगडी-टोपली होती. डच घरांत अशा टोपल्या तान्ह्या बाळांना ऊब द्यायला आणि दुपटी वाळवायला वापरत. दोन्ही गोष्टी व्हर्मीरने स्वतः, चित्र काढता काढता, रंगाखाली बुजवल्या. शिवाय त्या खालच्या थरात काळ्या रंगाचे जाड, घाईचे फटकारे सापडले. म्हणजे कन्या राशीचा आपला हा काटेकोर माणूस चित्राला भिडायचा तो दणक्यात, कुंचला झाडून. काटेकोरपणा नंतरचा.

त्या दुपट्यांच्या टोपलीचं काय करायचं? कागदपत्रांतून दिसणारं व्हर्मीरचं घर त्याच्या चित्रांतल्या खोल्यांसारखं मुळीच नव्हतं. १६५३ मध्ये त्याने कॅथरिना बोल्नेसशी लग्न केलं. पुढे तो सासूच्या घरी, औदे लांगेनडाइकवर राहायला गेला. सासू मारिया थिन्स पैसेवाली, कॅथलिक आणि खमकी. मुलं पंधरा झाली, चार लहानपणीच गेली, अकरा उरली. म्हणजे वीस वर्षं त्या घरात पाळणा हलला नाही असं वर्ष क्वचितच. त्यात भर म्हणून मेव्हणा. विलेम बोल्नेस अधूनमधून घरात घुसून धिंगाणा करायचा. दिवस भरलेल्या बहिणीला त्याने टोकाला लोखंडी खिळा असलेल्या काठीने धमकावलं, आणि तान्नेके एव्हरपूल नावाची मोलकरीण मध्ये पडली, असं १६६६ सालच्या जबानीत नोंदलंय. या तान्नेकेनेच दूध ओतणारीसाठी उभं राहून दिलं असावं, असा एक तर्क आहे. पुरावा नाही, पण तर्क मला आवडतो. काठी अडवणारे हात असेच भरलेले असणार.

वरच्या मजल्यावर दोन ईझल, तीन पॅलेट, दहा कॅनव्हास, एक टेबल, अशी चित्रकाराची खोली. खाली अकरा पोरं. अशा घरात राहून स्वयंपाकघर रंगवताना दुपट्यांची टोपली आधी आपोआप चित्रात आली, यात नवल काय? नवल ती काढण्यात आहे. बर्लिनमधल्या मोत्यांची माळ गळ्यात धरून उभ्या असलेल्या तरुणीच्या मागेही आधी नेदरलँड्सचा मोठा नकाशा होता, समोरच्या खुर्चीवर वाद्य होतं. दोन्ही त्याने बुजवली. आता ती मुलगी आणि खिडकी यांच्या मधे नुसता पिवळसर उजेड आहे, आणि ती आरशात पाहते की त्या उजेडात, हे सांगता येत नाही. ड्रेस्डेनच्या चित्रातही पडद्याच्या जागी आधी काचेचा मोठा पेला होता. तो गेला, पडदा आला, मदन मात्र राहिला. म्हणजे त्याचा हात पुसत सुटलेला नव्हता. काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा हिशेब चित्रागणिक वेगळा होता.

त्याच्या चित्रांतली शांतता म्हणूनच मी त्याच्या स्वभावाच्या खात्यात घालायला तयार नाही. जन्मतः शांत माणसाला एवढं काही काढून टाकावं लागत नाही. त्याच्या हातून भिंत पहिल्याच फेरीत कोरी उतरली असती. व्हर्मीरची भिंत गर्दीतून सुरू होते. चित्रात जी निवांतता दिसते ती त्याने वस्तू एकेक करून बाहेर नेत, रंगाचा थर वाया घालवत मिळवलेली आहे. त्यातून एवढंच कळतं की त्याला ती हवी होती. ती त्याच्याजवळ होती की नव्हती, हे चित्र सांगत नाही.

चित्रावरून स्वभाव ठरवण्याची हौस किती महाग पडू शकते, हे याच चित्रकाराच्या बाबतीत एकदा सिद्ध झालेलं आहे. अब्राहम ब्रेडियस हा डच कलेचा मोठा अधिकारी माणूस. व्हर्मीरची सुरुवातीची एक-दोन धार्मिक चित्रं आणि नंतरच्या त्या निवांत खोल्या यांच्यामध्ये दुवा असला पाहिजे, व्हर्मीरच्या आत एक खोल भक्त दडलेला असला पाहिजे, असं तज्ज्ञांना वाटत होतं. १९३७ मध्ये नेमकं तसं चित्र ब्रेडियसच्या पुढ्यात आलं: एम्मॉसच्या पंगतीत येशू. जड पापण्या, खाली झुकलेली डोकी, गोठलेलं दुःख. वयाची ऐंशी ओलांडलेला ब्रेडियस हरखला. व्हर्मीरची सर्वोत्तम कृती म्हणून त्याने ती जाहीर केली. रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ती विकत घेतली. चित्र काढलं होतं हान व्हान मेगेरेन या हयात, नाराज चित्रकाराने. दुसऱ्या महायुद्धानंतर, आणखी एक ‘व्हर्मीर’ नाझी नेता गोअरिंगपर्यंत पोचल्याचं उघड झालं आणि राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याबद्दल व्हान मेगेरेनला अटक झाली, तेव्हा गळ्याशी आलेलं टाळायला त्याने कबूल केलं की ती आपलीच कामगिरी. विश्वास बसावा म्हणून त्याने पहाऱ्यात आणखी एक चित्र काढून दाखवलं.

आज ते एम्मॉसचं चित्र पाहिलं की हसू येतं. त्यातले चेहरे तेव्हाच्या सिनेमानटांसारखे आहेत. व्हान मेगेरेनने व्हर्मीरच्या हाताची नक्कल फारशी केलीच नव्हती. तज्ज्ञांनी कल्पिलेल्या त्याच्या स्वभावाची केली. भक्त व्हर्मीर, सोसणारा व्हर्मीर. ठरवून ठेवलेला स्वभाव समोर आला, म्हणून चित्र खरं ठरलं.

या सगळ्यात एक चित्र नेहमी बाजूला राहतं, कारण ते कोणत्याच चौकटीत बसत नाही. तेही ड्रेस्डेनलाच आहे: ‘कुंटीण’, सहीसकट १६५६ ची तारीख असलेलं. लाल अंगरख्यातला ग्राहक एका हाताने पिवळ्या कपड्यातल्या मुलीच्या हातावर नाणं ठेवतोय, दुसरा हात तिच्या छातीवर. काळ्या वेषातली म्हातारी हे सगळं सुरकुत्यांतून न्याहाळते. आणि डावीकडे, टोपी घातलेला, हातात पेला धरलेला एक तरुण थेट आपल्याकडे बघून दात काढून हसतोय. हा तरुण म्हणजे स्वतः व्हर्मीर असावा, अशी पुष्कळांची शंका आहे. मला तीत तथ्य वाटतं, कारण त्याच्या अंगातला चिरा पाडलेला काळा अंगरखा पुढे व्हिएन्नातल्या मोठ्या चित्रातही येतो. त्या चित्रात चित्रकार आपल्याकडे पाठ करून बसलाय. लाल मोजे, ईझल, आणि समोर इतिहासाच्या देवतेच्या वेषातली, कर्णा आणि पुस्तक धरलेली मुलगी. तिच्या डोक्यावरच्या पानांच्या मुकुटापासून त्याने रंगवायला सुरुवात केली आहे. हे चित्र त्याने मरेपर्यंत विकलं नाही. पाठ करणाऱ्या चित्रकारावरून आपण ‘लाजाळू’ म्हणतो. पण तोच अंगरखा घालून खानावळीत दात काढणाऱ्याचं काय? व्हर्मीर डेल्फ्टच्या बाजारपेठेत बापाच्या खानावळीत वाढला होता. बाप चित्रंही विकायचा. गिऱ्हाईक, गोंगाट, शिव्या, भाव आणि घासाघीस यांत त्याचं बालपण गेलं.

मोठेपणीही तो कोपऱ्यात बसणारा दिसत नाही. डेल्फ्टच्या चित्रकारसंघाचा तो प्रमुखांपैकी एक म्हणून दोनदा निवडला गेला. १६७२ मध्ये एका विक्रेत्याने ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याला इटालियन म्हणून विकलेल्या चित्रांचा वाद झाला, तेव्हा व्हर्मीरला द हेगला बोलावलं. त्याने आणि दुसऱ्या एका चित्रकाराने चित्रं पाहून लेखी सांगितलं, हा सगळा कचरा आहे. तो ज्या शब्दांत बोलला असेल ते ऐकायला मला आवडलं असतं.

स्वभावाची चाहूल लागलीच तर ती मला निळ्या रंगात लागते. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द कुटून बनणारा तो रंग त्या काळी फार महाग होता. दूधवाल्या मोलकरणीच्या एप्रनला तो लावला, ते समजू शकतं; दिसणारी जागा आहे. पण ब्राउनश्वाइगमधल्या, हातात वाइनचा पेला धरलेल्या मुलीचा झगा लाल आहे, आणि त्या लाल रंगाच्या सावल्यांखाली त्याने निळा घातला आहे. कोणाला दिसणार नाही अशा जागी. लाल किंचित थंड पडावा, एवढ्यासाठी. याला काटकसर म्हणत नाहीत आणि संयमही नाही. हा हट्ट आहे, आणि थोडी उधळपट्टी. फ्रेंचांनी १६७२ मध्ये स्वारी केली, डच बाजार कोसळला, चित्रं विकली जाईनाशी झाली, तरी नंतरच्या चित्रांतून तो रंग हटला नाही. डिसेंबर १६७५ मध्ये तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. कर्जाचं आणि मुलांच्या ओझ्याचं इतकं मनाला लावून घेतलं की धडधाकट माणूस दीड दिवसात संपला, असं बायकोने अधिकाऱ्यांना सांगितलं.

घेणेकऱ्यांत एक मोठा आकडा पाववाल्याचा निघाला. हेन्ड्रिक व्हान बाउतेन, ६१७ गिल्डर. एवढा पाव खायला अकरा पोरांच्या घरालाही दोन-तीन वर्षं लागतात. १६६३ मध्ये बाल्तासार द मोंकोनी हा फ्रेंच प्रवासी व्हर्मीरला भेटायला आला, तेव्हा चित्रकाराकडे दाखवायला एकही चित्र नव्हतं. एक चित्र त्याला पाववाल्याकडे पाहायला मिळालं, आणि त्याची सांगितलेली किंमत मोंकोनीला अव्वाच्या सव्वा वाटली. म्हणजे हे खातं फार जुनं. मला स्वभाव ओळखायला बसवलंच, तर मी खिडकी आणि भिंत सोडून या खात्याकडे वळेन. वर्षानुवर्षं उधार पाव मिळवायचा तर दुकानदाराशी नीट बोलावं लागतं, चित्राच्या भावाने त्याचं मन वळवावं लागतं, आणि ‘देईन हो’ म्हणताना समोरच्याला ते खरं वाटावं लागतं.

व्हान बाउतेनने त्या रकमेपोटी दोन चित्रं ठेवून घेतली, एकात कोणी पत्र लिहितंय, दुसऱ्यात वाद्य वाजवतंय. कॅथरिनाने वर्षाला ५० गिल्डर फेडले तर ती परत द्यायची, असा करार त्याने तिला लिहून दिला. पाववाला १७०१ साली वारला, तेव्हा त्याच्या घरात व्हर्मीरची चित्रं होती.